लॉरेन्सच्या आयांची चादर

१

"मॅडम, चादर गेली की!"

रुद्रप्पा शिपायानं कॉलेजच्या वाचनकक्षाचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच ओरडला. मागून येणाऱ्या अक्षताच्या हातातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं. आणि लगेच तिला स्वतःचीच भीती वाटली.

व्हरांड्याच्या बाजूला वाचनकक्षाला सबंध काच होती. त्या काचेला लागून, आतल्या बाजूनं, पडद्याच्या दांडीवर काल संध्याकाळी चादर टांगली होती. आत येणाऱ्या पाहुण्यांना समोरून दिसावी म्हणून तिचं तोंड खोलीकडे होतं. आता नुसती दांडी उरली होती. बाकीचं प्रदर्शन जिथल्या तिथं. फलक होते, फोटो होते, टेबलावर हारासाठी ताट होतं. फक्त चादर नव्हती.

चादर म्हणजे साधीसुधी नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मागावर मुद्दाम विणून घेतलेली. तिच्यावर अमेरिकेतल्या लॉरेन्स गावचं रेल्वे स्टेशन होतं, साल १९१२. लॉरेन्स हे गिरण्यांचं गाव. कायद्यानं कामाचे तास कमी केले, तशी मालकांनी मजुरीही कापली, आणि ऐन हिवाळ्यात हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यात बायका उदंड. संप लांबला, घरात चूल पेटेना, तेव्हा आयांनी आपली मुलं दुसऱ्या शहरांतल्या अनोळखी कुटुंबांकडे पाठवायला सुरुवात केली. अशीच एक तुकडी निघाली असताना पोलिसांनी स्टेशनवर अडवली आणि आयांना, लेकरांना झोडपून काढलं. चादरीवर त्याच आया होत्या, मुलांची बोटं धरून उभ्या.

हा विषय अक्षताचा. पीएच.डी.ला तिनं तोच घेतला होता, प्रदर्शनाची कल्पनाही तिचीच. पण शरणू पोटात होता तेव्हा डॉक्टरांनी तिला झोपवून ठेवलं, मग बाळंतपण, मग त्याची कावीळ. तेवढ्या काळात तिचे तास विभागातल्याच दानेश्वरीला मिळाले. तासांबरोबर विषय गेला, विषयाबरोबर प्रदर्शन गेलं आणि विद्यार्थीही तिकडचे झाले. परत आल्यावर अक्षताच्या वाट्याला प्रदर्शनातला फक्त मुलांवरचा फलक आला. पुढच्या वर्षापासून हा पेपर शिकवायला एकच कंत्राटी जागा राहणार होती, आणि ती कुणाला द्यायची हे आजच्या प्रदर्शनानंतर ठरणार होतं.

दानेश्वरी धावत आली. इस्त्रीची नारायण पेठ साडी, गजरा, काखेत भाषणाचे कागद. अक्षताच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता, तो तिनं पदराखाली घेतला.

"काल सगळ्यात शेवटी ह्या खोलीत कोण होतं?" दानेश्वरीनं रिकाम्या दांडीकडे बघत विचारलं.

 रुद्रप्पा नुसता अक्षताकडे बघत राहिला.

२

विभागप्रमुख राजशेखर सर कधी आवाज चढवत नसत. त्यांचा आवाज उतरला की माणसं घाबरत.

"दुपारी पाहुणे येणार. बाहेरच्याला काही कळता कामा नये. अक्षता मॅडम, तुम्ही परवा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर काय म्हणालात?"

"म्हणाले होते, की माझ्या बाळंतपणात माझा विषय पळवला." अक्षताची मान खाली गेली नाही. "अजूनही म्हणते. पण चादर मी नेलेली नाही सर."

"मग कोणी नेली ते तुम्हीच शोधा. दुपारपर्यंत."

बाहेर पडल्याबरोबर तिनं घरी फोन लावला. सासूबाई, गुरम्मा, पलीकडून हसल्या. "अगं, खेळतोय. मऊ भात खाल्ला. सारखं सारखं काय विचारतेस? मी काय त्याला रेल्वेत बसवून देणार हाय का?"

अक्षता कसनुशी हसली. मग तिनं एकेकाला गाठलं.

रुद्रप्पा व्हरांड्यात टाचण्या वेचत होता. "तुमी गेलात, मी कुलूप घातलं, किल्ली स्टाफरूमच्या खिळ्याला अडकवली. तिथनं कुणीबी घेतंय की. त्याला काय पहारा हाय?"

"दानेश्वरी मॅडम तुम्हाला काल बोलल्या ना? भिंतीतल्या खिळ्यावरून?"

"बोलल्या तर बोलल्या. भिंतीला ओल हाय म्हणून मी खिळा मारला न्हाई, चादर काचेवर लावली. त्यावरनं मी चोरी करू व्हय? रिटायर व्हायला आलोय मी. आमच्या घरात चादरी काय कमी हायत?"

राजशेखर सरांनाही तिनं धीर करून विचारलं. हे प्रदर्शन सरांना मनापासून आवडलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी उभी हयात सोलापूरच्या गिरणी संपावर घालवली होती.

"नव्हतंच आवडलं," सर म्हणाले. "आमच्या गिरण्यांची धुराडी अजून उभी आहेत आणि पोरं अमेरिकेतल्या बायका विणून आणतात. पण काल मी मंगळवेढ्यात व्याख्यानाला होतो. चादर मी अजून पाहिलेलीसुद्धा नाही. मागावर असतानाही कुणाला दाखवू नका, फोटो काढू नका, असं दानेश्वरी मॅडमनी बजावलं होतं."

ते खरंच होतं. काल उशिरा गठ्ठा आला तेव्हा तो उघडताना दानेश्वरी, रुद्रप्पा आणि अक्षता, तिघंच होते. आधी निळी ठरली होती, पण मागावर दानेश्वरीनं रंग बदलून घेतला होता. गठ्ठा सुटला आणि चादरीच्या लाल जमिनीवर पांढऱ्याशुभ्र आया उलगडल्या, तेव्हा अक्षता बघतच राहिली होती. इतकं सुंदर तिला सुचलं नसतं.

दानेश्वरीला तिनं शेवटी गाठलं.

"तुम्ही गेल्यावर मी स्टाफरूममध्ये भाषण लिहीत बसले होते," दानेश्वरी म्हणाली. "मधे कँटीनला जाऊन चहा घेऊन आले. आणखी काय? मीच माझी चादर चोरली का, तेही विचारा."

"विचारणारच होते."

"आणि मला विचारायचंय, की तुम्हाला बाळ आहे, घर आहे, सासूबाई सांभाळतात, नवरा हौसेनं सोडायला येतो. तुम्हाला ही एवढी जागाही हवी?"

अक्षता चमकली. ह्या बाईलाही आपला हेवा वाटतो, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती, कारण ग्रंथालयाच्या दारातून ऋतुजा तिला हातानं बोलावत होती.

३

ऋतुजा ग्रंथपाल. ह्या कॉलेजात अक्षताचं हक्काचं असं एकच माणूस. बाळंतपणात रोज फोन करायची, कोण काय म्हणालं, दानेश्वरीनं आज कुठलं पुस्तक नेलं, वर्गात काय शिकवलं, सगळं सांगायची. फोन ठेवला की अक्षताला झोप लागायची नाही, तरी दुसऱ्या दिवशी ती फोनची वाट बघायची.

"तू घाबरू नकोस गं," ऋतुजा म्हणाली. "तुझ्यावर आळ येतच न्हाई. तू गेल्यानंतर मी स्वतः चादर बघितलीय."

"तू? तू तर काल रजेवर होतीस."

"करकंबला साखरपुडा होता ना नणंदेचा. एसटीनं परत आले ती थेट इथं, स्कूटी न्यायला. वाचनकक्षाला कुलूप होतं. म्हटलं बघू तरी काय आणलंय, म्हणून व्हरांड्यातून काचेला नाक लावून बघितलं. लाल जमिनीवर त्या पांढऱ्याशुभ्र आया, काय दिसत होत्या! म्हणजे तुझ्यामागं चादर होती. मग राहिलं कोण? स्टाफरूममध्ये लाइट कुणाचा चालू होता?"

"दानेश्वरीचा."

"मी काय बोलत न्हाई बाई," ऋतुजा म्हणाली आणि बोललीच. "तिनंच लपवली असणार. तुझं भांडण सगळ्यांनी ऐकलंय. चादर गेली की बोट तुझ्याकडं. सरांना सांग, सगळ्यांची कपाटं उघडा. माझ्यापासून सुरू करा म्हणावं."

कपाटं उघडली. ऋतुजाच्या कपाटात पुस्तकांची कव्हरं आणि एक डबा. अक्षताच्या कपाटात शरणूचे लंगोट निघाले. रुद्रप्पानं मान फिरवली, अक्षता कानापर्यंत लाल झाली. दानेश्वरीच्या कपाटाची कडी ढिलीच होती, हात मारल्यावर उघडली. खालच्या कप्प्यात, शालीखाली, चादरीची घडी होती.

दानेश्वरी भिंतीला टेकली. "मी ठेवलेली नाही," एवढंच म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली.

अक्षताला वाटलं होतं की आपल्याला फक्त हायसं वाटेल. पण छातीत काहीतरी नाचायला लागलं. ती बोलायला लागली आणि थांबेना.

"सर, लॉरेन्सच्या संपात हेच झालं होतं! कामगारांच्या वस्तीत डायनामाइट सापडलं. संपवाले गाव उडवायला निघालेत अशी बोंब झाली. पुढं उघड झालं, की गावातल्याच एका प्रतिष्ठितानं, शाळा समितीवरच्या माणसानं, ते ठेवलं होतं, कामगारांवर आळ यावा म्हणून. दानेश्वरी मॅडमनी तोच धडा गिरवलाय. स्वतःची चादर लपवायची आणि दुसऱ्यावर ढकलायची."

राजशेखर सरांचा आवाज उतरला. "दानेश्वरी मॅडम, तुम्ही घरी जा. अक्षता मॅडम, दुपारचं भाषण तुम्ही करा. पुढच्या वर्षाचं मग वेगळं ठरवायला नको."

सगळं मिळालं होतं. एका झटक्यात.

४

रुद्रप्पानं चादर पुन्हा त्याच दांडीवर, त्याच कड्यांत अडकवली. अक्षतानं खोलीच्या मधोमध उभं राहून पाहिलं. लाल जमीन, पांढऱ्या आया. आज तिला त्या आपल्या वाटल्या.

फोन वाजला. घरचा. ती धडपडत व्हरांड्यात गेली.

"काय झालं?"

"काय झालं न्हाई," गुरम्मा म्हणाल्या. "तुजा फोन आला न्हाई म्हणून मीच केला. बरी हायस न्हवं?"

"बरी आहे," अक्षता म्हणाली आणि बोलता बोलता काचेकडे वळली.

काचेपलीकडे पांढरी जमीन होती. तिच्यावर लाल आया, लाल मुलांची बोटं धरून उभ्या होत्या.

फोन तिच्या कानाला तसाच राहिला. सोलापूरच्या चादरीचं असंच असतं. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा. लहानपणापासून असल्या चादरी पांघरलेल्या माणसाला त्यात उलटं-सुलटं काही नसतंच. हाताला येईल ती बाजू वर. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्याही आलं नव्हतं, आणि सांगणारीच्याही.

"रुद्रप्पा! काल चादर इथंच होती? अशीच?"

"अशीच की. तोंड आत, पाठ व्हरांड्याला. तुमच्या देखतच लावली."

"मी गेल्यावर फिरवली नाही?"

"कुलूप घातल्यावर कोण फिरवतंय? आन् कशाला?"

व्हरांड्यातून बघणाऱ्याला काल लाल आया दिसायला हव्या होत्या. पांढऱ्या आया फक्त आतून दिसतात. चादर पहिल्यांदा उघडली तेव्हा ऋतुजा करकंबला होती. फोटो कुणी काढला नव्हता. रंग आयत्या वेळी बदललेला, कागदावर कुठं नाही. दानेश्वरी आणि ऋतुजा एकमेकींशी बोलतही नसत. मग ऋतुजाला पांढऱ्या आया दिसल्या कुठून?

तिला एकदम स्वतःचे शब्द आठवले, मघाशी सरांसमोर ती नाचत नाचत म्हणाली ते. लॉरेन्समध्ये डायनामाइट ज्यांच्या दारात सापडलं, त्यांनी ते ठेवलेलंच नव्हतं. हे ती वर्षानुवर्षं शिकवत होती. आणि आज, ज्या बाईच्या कपाटात चादर सापडली तिच्याकडेच बोट दाखवून तिनं तोच दाखला दिला होता. धडा पाठ होता, फक्त तो उलटा लावला होता. कारण तसा लावायला तिला आवडत होतं.

"अगं, ऐकतीस का?" फोनमधून गुरम्मा विचारत होत्या.

"ऐकतेय," अक्षता म्हणाली. पाय ग्रंथालयाकडे निघाले होते.

५

ऋतुजा शिडीवर चढून पुस्तकं लावत होती.

"भाषणाची तयारी कर की. इथं काय करतेस?"

"ऋतू, काल तू काचेतून काय बघितलंस?"

"सांगितलं न्हवं का? लाल जमिनीवर..."

"इकडे ये. माझ्याबरोबर व्हरांड्यात चल आणि आत्ता काय दिसतं ते सांग."

ऋतुजा शिडीवरून उतरली, पण व्हरांड्यात आली नाही. तिनं डोळे मिटले. काचेपलीकडची चादर ती मनातच बघत होती, हे अक्षताला समोरून दिसलं. मग ऋतुजा हळूच म्हणाली, "अगंबाई."

"किल्ली खिळ्यावर होती. दानेश्वरी चहाला गेली. तू आत गेलीस, चादर काढलीस, तिच्या कपाटात घातलीस. मला सोडवण्यासाठी साक्ष दिलीस, आणि त्या साक्षीतच अडकलीस."

"तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी?"

ऋतुजानं खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बरं. न्हाई तुझ्यासाठी. खरं सांगू? मीबी एम.ए. हिस्ट्री. तुझ्याबरोबर इंटरव्ह्यूला होते, तुला आठवतंय तरी का? लॉरेन्सचं पहिलं पुस्तक तुला कुणी आणून दिलं? मी. तिला कुणी दिलं? मीच. तुमी दोघी बोर्डावर, मी पावत्या फाडत. तुझं तिला सलतंय, तिचं तुला सलतंय. रोज फोनवर ऐकायची मी, तू कशी जळतेस ते. लई बरं वाटायचं. आणि फोन ठेवला की वाटायचं, माझा हेवा ह्या जन्मात कुणीच केला न्हाई. माझ्याकडं एवढं काय हाय, की ते कुणाला सलावं?"

अक्षताला राग यायला हवा होता. तो आला नाही. तिला ते सगळे फोन आठवले. तिनं कधी विचारलं नव्हतं, ऋतू, तू कशी आहेस?

"आम्ही दोघी बदनाम झालो असतो," ती म्हणाली. "आणि जागा?"

"तुमी एकमेकींवर ढकलत बसला असता, सर वैतागून दोघींनाबी ठेवले नसते. पुन्हा जाहिरात निघाली असती. मी अर्ज केला असता." ऋतुजानं मान वर केली. तिच्या आवाजात आता वेगळीच चपळाई आली. "पण निकाल तुझ्या बाजूनं लागलाय न्हवं? मग राहू दे. चादर मिळाली, ती घरी गेली, जागा तुझी. रंगाचं तुझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात येणार हाय? सोलापुरात राहतो आपण. तू फक्त गप्प बस."

बाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

अक्षता गप्प बसली. खरंच बसली. तिनं हिशेब केला, शरणूचा, पीएच.डी.चा, भाषणाचा, टाळ्यांचा. दानेश्वरी आत्ता कुठल्या रिक्षात बसून रडत असेल, ह्याचाही केला, आणि त्या चित्राचं तिला थोडं सुख झालं. तेच सुख तिच्यासमोर खुर्चीची पाठ धरून उभं होतं, तिच्याच वयाचं, तिच्याच ओळखीचं.

"नाही गं ऋतू," ती म्हणाली आणि सरांच्या केबिनकडे निघाली.

६

दानेश्वरी रिक्षात नव्हती. ती गेटजवळच्या बाकावर बसून होती. तोंड धुतलेलं, गजरा काढून शेजारी ठेवलेला. राजशेखर सर स्वतः तिच्याकडे चालत गेले, आणि कॉलेजात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना शिक्षिकेसमोर हात जोडताना पाहिलं. ऋतुजाचं काय करायचं ते सर नंतर ठरवणार होते. ती स्कूटी न घेताच पायी घरी गेली होती.

"भाषण तुम्हीच करा," सर दानेश्वरीला म्हणाले. "आणि पुढच्या वर्षाचं... प्रदर्शन तुमचंच उभं राहिलंय. नाही म्हणायला मला कारण दिसत नाही."

अक्षता दोन पावलं मागं उभी होती. तिनं हे ऐकलं. ऐकताना तिची मूठ आपोआप आवळली.

सर आत गेले. दोघी उरल्या.

"तुम्ही बोलला नसता, तर जागा तुमची होती," दानेश्वरी म्हणाली.

"माहीत आहे."

"मी तुमच्या जागी असते तर गप्प बसले असते."

"मीही बसणारच होते."

"मग?"

अक्षतानं बाकावरचा गजरा उचलला. "तुमचा राग करायचा तर खऱ्या कारणासाठी करावा म्हटलं. खोट्यासाठी करण्यात मजा नाही."

दानेश्वरीला हसू आलं, तिनं ते आवरलं. "मग आता करा."

"करतेच आहे. चला, पाहुणे थांबलेत. गजरा घाला तो, नुसत्या बऱ्या दिसत नाही."

सभागृह भरलं होतं. अक्षता अगदी पुढच्या रांगेत जाऊन बसली, जिथून बोलणाऱ्याचा प्रत्येक शब्द नीट ऐकू येतो. दानेश्वरीनं कागद बाजूला ठेवले आणि लॉरेन्सच्या हिवाळ्यापासून सुरुवात केली. मजुरी कापली तो दिवस, गिरण्यांभोवती फिरत राहिलेल्या बायका, दुसऱ्या शहरात उतरलेली मुलं. त्यांच्या अंगात धड आतले कपडे नव्हते आणि त्यांचे आईबाप लोकरीच्या गिरणीत कामाला होते. एक तरी तारीख चुकव, असं अक्षता मनातल्या मनात म्हणत होती. एक तरी गाव, एक तरी नाव.

दानेश्वरी कुठंच चुकली नाही.